कंबर सगळ्यात शेवटी

पहिल्या दिवशी मी कंबर कसून गेलो.
हाल्श्काबाईंनी वरखाली पाहिलं,
म्हणाल्या, "कसलेली कंबर घरी ठेवून ये, झेनॉन.
इथे सैल लागते."

वूच शहरातली ही जुनी सूतगिरणी.
तिसऱ्या मजल्यावर आता रुंबा.
जमिनीत अजून मागांच्या बोल्टांची भोकं,
टाचा अडकू नयेत म्हणून मेणानं बुजवलेली.
मी ट्रामचा ड्रायव्हर. सत्तावीस वर्षं बसून
अंगाला सीटचा आकार आलेला.

"हलव" असं बाई कधीच म्हणाल्या नाहीत.
मीच आपला हलवत होतो, उजवीकडे, डावीकडे,
भिजलेल्या कुत्र्यानं अंग झटकावं तसा.
माझी जोडीदारीण याग्ना, औषधांच्या दुकानातली,
आरशात ओठ चावत उभी.

"कंबरेला काही माहीत नसतं.
तिला बातमी खालून येते.
आधी चवडा टेकव, मग टाच.
गुडघा सरळ. आता वजन जाऊ दे त्या पायावर,
सगळं, उधारी न ठेवता.
बघ, खुबा आपोआप बाजूला सरतो,
जरासा मागे जाऊन बसतो.
बसू दे त्याला. तू बसवू नकोस."

मोजायचं दोनपासून.
दोन, तीन, चार, प्रत्येकावर एक पाऊल.
आणि एक?
"एकवर पाऊल नाही. एक हा कंबरेचा आकडा."
सत्तावीस वर्षं मी वेळापत्रकात जगलो,
रिकामा आकडा मला कुणी दिला नव्हता.
मी त्यात पाऊल टाकायचोच,
दार बंद होताना कुणी घुसतं तसं.

मग आला चहा.
काचेचा ग्लास, पितळी कडीत, काठोकाठ,
दोन्ही हातांनी छातीसमोर धरायचा.
खाली खुबे आठचा आकडा काढतील,
वर चहाला कळता कामा नये.
सप्टेंबरात तीन शर्ट गेले.
नोव्हेंबरात फक्त बाह्या.
एका संध्याकाळी लिमानोव्स्की रस्त्याच्या वळणावर
पुढचा डबा वळला, मागचा जरा थांबून वळला,
मधल्या रबराच्या घडीनं सगळं सोसलं, मुकाट,
आणि मला कळलं
बरगड्यांखाली, खुब्याच्या वर
माझ्यातही अशी एक घडी आहे.
मी घंटा वाजवली. उगाच.
रस्त्यावर कुणीच नव्हतं.

त्या रात्री चहा हलला नाही.
याग्नानं त्यातला अर्धा पिऊन टाकला.

फेब्रुवारीत वर्गाला कुलूप.
बाईंचा उजवा खुबा धातूचा,
हे आम्हाला तेव्हा समजलं.
म्हणजे आठचं एक वर्तुळ इतकी वर्षं
कारखान्यात घडवलेलं होतं!
आता डावाही बदलला होता.

आम्ही गेलो तेव्हा त्या कॉरिडॉरमध्ये
वॉकरला धरून उभ्या, निळा गाऊन, केस न विंचरलेले.
फिजिओथेरपीचा मुलगा म्हणत होता,
"चला, आजी, कंबर हलवा थोडी."
बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं
की तो आपला कागद वाचू लागला.

मी शेजारी उभा राहिलो.
काय बोलावं सुचेना, म्हणून मोजू लागलो.
दोन. रबरी बूच फरशीवर टेकलं.
तीन. गुडघा थरथरला, मग सरळ झाला.
चार.
वजन हळूहळू त्या नव्या खुब्यात उतरताना
मला गाऊनवरून दिसलं,
तांदळाचं पोतं जमिनीवर ठेवल्यावर
आतले दाणे क्षणभर सरकतात, तेवढंच.

याग्ना माझी बाही धरून होती.
बाईंनी मान वळवली. कपाळावर घाम.

"एक खाल्लास," त्या म्हणाल्या.
"पुन्हा मोज."