दोघांची सही

दुसरी पाळी रात्री बाराला सुटायची.
गेटवर हात वर, खिसे उलटे,
डबा उघडा, चपलांचे तळसुद्धा तपासायचे.
नोटप्रेसमधून कागदाचा कपटाही
बाहेर जाता कामा नये.
बाहेर आलं की गायधनी मान वर करायचा,
"हे बघ. हे कुणी तपासत नाही."

जेल रोडवर तेव्हा दिवे कमी होते.
पूर्वेला एकलहऱ्याच्या चिमण्यांचे लाल ठिपके;
पहिल्या रात्री मी त्यांनाच तारे समजलो.
गायधनी हसला नाही. पळशाचा तो,
उसाला रात्रीचं पाणी देत वाढलेला.
मनगटावर घड्याळ आलं ते नोकरीनंतर.

पितृपक्ष संपत आला होता.
मोजणीत एक कागद कमी भरला.
दारं बंद. बत्तीस माणसं आत.
एकानं मोजायचं, दुसऱ्यानं तपासायचं,
दोघांची सही झाल्याशिवाय गठ्ठा हलत नाही.
पुन्हा मोजा. स्पंज ओला करा, पुन्हा मोजा.
साडेचारला सापडला:
शाई ओली असतानाच दुसऱ्या कागदाला
अंगाला अंग लावून बसलेला.

सुटलो. वर पाहिलं.
मृगाचं तिकांडं, जे रोज पाळी सुटताना
चिमण्यांमागून नुकतं डोकं काढायचं,
ते जवळजवळ माथ्यावर.
"हे कुणी हलवलं?"
"कुणी नाही," गायधनी म्हणाला. "आपण आत होतो."

तेव्हापासून नोंद ठेवू लागलो,
जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, बाराच्या ठोक्याची.
दिवाळीत कँटीनच्या पाण्याच्या टाकीवर.
नाताळात थेट डोक्यावर, आम्ही मफलरात.
होळीला पांडवलेण्यांकडे कललेला.
पाडव्याच्या सुमारास लेण्यांच्या डोंगरात शिरला तो शिरलाच,
आणि पाठीमागे, सिन्नरच्या बाजूनं,
विंचवाचं डोकं वर. नांगी मागाहून.

हिशेब साधा निघाला:
हे लोक रोज चार मिनिटं लवकर येतात.
आम्हाला चार मिनिटं उशीर झाला
तर कार्डावर लाल खूण.
आणि हे चार-चार मिनिटं साठवून
वर्षाकाठी अख्खा दिवस खिशात घालतात,
कुठल्याही गेटवर सापडत नाहीत.

जूनमध्ये मृग लागतो. पंचांगात.
तेव्हा आकाशात तो शोधून दाखवा.
सूर्यच त्याच्या घरात पाय पसरून बसलेला.
"ज्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी," गायधनी म्हणे,
"तो नेमका रजेवर."

आता दोघेही निवृत्त. तो पळशाला,
मी इथेच, चौथ्या मजल्यावर.
समोर मंगल कार्यालयाचा पांढरा झोत.
चैत्रात उत्तरेला खाटलं दिसतं, अर्धंमुर्धं.
पुस्तकात ते सप्तर्षी. गायधनीच्या आईचं ते खाटलं:
चार खूर, आणि ओढून नेणारे तीन चोर.
कधीचे ओढतायत, दार सापडत नाही.
मधल्या चोराला चिकटून
एक बारीक तारा, अरुंधती.
ती सुटी दिसली की डोळा शाबूत.

परवा रात्री बाराला फोन.
त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय,
ऑपरेशन मेअखेर.
"मला एकच दिसतोय रे. चिकटलेत का? तू तपास."

गच्चीवर गेलो.
झोताच्या आड हात धरला, चष्मा पुसला,
पुन्हा पाहिलं.
त्या पिठूळ उजेडात मधला चोरच धड दिसेना.

छत्तीस वर्षांत
न पाहता मी सही केलेली नाही.

"सुटे आहेत," म्हणालो. "दोन. मोजले."

पलीकडे मोटारीचा आवाज, पाटाला पाणी लागल्याचा.
मग गायधनी म्हणाला,
"ठीक. माझीही टाक."