पाऊणपट

पाटणला समुद्र नाही.
केरा आहे, कोयना आहे, संगमावर धुणी आहेत,
आणि आमच्या स्वयंपाकघरात, फ्रीजशेजारी,
दुधाचा हिशोब ठेवायच्या कॅलेंडरवर
दोन महिने मी भरती-ओहोटी लिहिते आहे.

गणित हर्णैच्या मकबूल पावसकरांनी फोनवर शिकवलं :
‘तिथी घ्या ताई, तिची पाऊणपट करा,
तेवढे वाजता पाणी भरतं.’
म्हणजे एकादशीला सव्वाआठ.
म्हणजे आपण साबुदाणा परतत असतो
तेव्हा सुवर्णदुर्गाच्या तटाला
पाणी टेकलेलं असतं.
हे इतकी वर्षं मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग वही काढली.
शनिवार-रविवार, जास्त नाही,
शाळेची प्रयोगशाळा सोमवारी मलाच उघडायची असते.
सहल पहिली : हर्णै, होडीने किल्ला, मुक्काम मुरूडला.
(हे मुरूड दापोलीचं. जंजिऱ्याचं वेगळं. विनता दोनदा चुकली.)
सहल दुसरी : ते दुसरं मुरूड, पद्मदुर्ग.
होडी लागते का तिथं, की लाटा बघून ठरवतात, विचारणे.
सहल तिसरी : नुसतं प्रश्नचिन्ह, त्याला गिरवून गिरवून
आकडा झालेला, गळाला लावतात तसा.
कुंभार्लीसाठी आवळासुपारी, पिशव्या,
आबांच्या गुडघ्याचा पट्टा.

आबा चष्म्याची दोरी सावरत वाचत होते.
तोफा, तट, दर्या, दर्यावर्दी,
यांतल्या कशावरच बोट थांबलं नाही.
‘यात आपलं पाणी कुठं येतं?’

कुठलं पाणी, आबा?

चहात बोट बुडवून त्यांनी टेबलाच्या मेणकापडावर
एक रेघ ओढली.
‘ही कोयना. हिला समुद्र हाकेच्या अंतरावर,
तर ही बया पाठ फिरवून पूर्वेला निघाली,
कृष्णेच्या गळ्यात पडून पार आंध्रापर्यंत.
आम्ही हिला डोंगराच्या पोटातून वळवली.
एकतीस वर्षं बोगद्यात पाने फिरवले.
पोफळीला खाली सोडली, वाशिष्ठीत.
पुढं…’
पुढं रेघ मेणकापडाच्या फुलात शिरली
आणि वाळली.
‘लेक दिली आणि घर बघितलं नाही, त्यातली गत.’

मी खोडरबर घेतलं.
सहल पहिली : दाभोळची खाडी.
चिपळूण, गुहागर, अंजनवेल,
गोपाळगडाच्या खाली जिथं वाशिष्ठी संपते.
विनता म्हणाली, बेट नाही, होडी नाही,
फोटो कशाचा काढायचा?
जेट्टीवरून फेरीबोट आहे म्हटलं,
जीप चढते तिच्यावर, बसल्या जागी पलीकडे.
ती गप्प झाली, पण पटून नाही.

मकबूलभाईंना फोन केला. थोडे दुखावले.
‘दाभोळला काय ठेवलंय?’
मी सांगितलं, वडील, बोगदा, पाणी.
पलीकडे बराच वेळ नुसता वारा.
मग म्हणाले, ‘हां, मग आधी तेच.
हर्णैला याल तेव्हा कऱ्हाडचा गूळ आणा,
पिवळाधमक नको, काळसर बघून.’

रात्री भांडी घासून वळले
तर आबा कॅलेंडरसमोर, पेन्सिल कानाला.
‘षष्ठी म्हणजे साडेचार.
तीनला पोचलो, तर त्या वेळी समुद्र
नदीत आत येत असणार. उलटा.
आपण जायचो त्याच्याकडं
आणि तो आपल्याकडं.’
एवढंच. त्यावर काही हसले बिसले नाहीत.

सकाळी दूधवाला दाराशी थबकला होता.
शनिवारच्या चौकोनात, रविवारच्या चौकोनात,
माझ्या भरतीच्या आकड्यांखाली,
फिटरच्या ठसठशीत अक्षरात :
दूध नको.