‘र’

सूचनेच्या फॉर्मवर चारच ओळींची जागा आहे
आणि त्यातल्या दोन नाव-पत्त्यातच संपल्या:
झुमा पुन, फोटोकॉपी व लॅमिनेशन,
बस पार्कच्या मागे, घोराही, दाङ.
म्हणून उरलेलं इथे लिहिते,
बिघडलेल्या कागदांच्या पाठीवर.

मसुदा आला त्या आठवड्यात
दुकानापुढे चिखलाच्या पायांची रांग लागली.
लावणी अर्धी टाकून आलेले लोक, म्हणायचे
एक आम्हालाही दे गं,
बघू तरी आमच्याबद्दल काय ठरवलंय.
वीज दिवसाला चार तास. त्या चार तासांत
मी देश छापायचे, पानाला दोन रुपये.
पाठपोट घेतला तर देश स्वस्त पडतो.

माझ्या मशीनचा ड्रम जुना आहे.
पानावर वरून खालपर्यंत एक काळी रेघ ओढतो,
प्रत्येक ओळीतलं एखादं अक्षर खातो.
एरवी बिघडत नाही. ‘सार्वभौम’मधला भ गेला
तरी माणसं वाचतात सार्वभौम,
सवयीने.
पण नागरिकत्वाच्या पानावर
ती रेघ नेमकी आमा आणि बाबु यांच्या मध्ये पडली.

लौटन चौधरी, सत्तरीचे, चष्म्याची एक काडी दोऱ्याची,
कागद उजेडाकडे धरून म्हणाले,
आई आणि बापाच्या मध्ये काय आहे, झुमा?

मी काय सांगणार.
पाऊण तासाचा रस्ता आहे.
त्या टोकाला तो रेडिओ दुरुस्त करतो,
संध्याकाळी कॅरम खेळतो, तब्येत चांगली आहे.
सहीचं विचारलं की त्याच्या पेनातली शाई संपते.

मूळ प्रत काढून पाहिली. मध्ये होता ‘र’.
र म्हणजे आणि, असं शाळेत शिकवतात.
र म्हणजे दोघेही, नाहीतर कोणीच नाही,
हे कचेरीत शिकवतात.

निरुताला जेठात सोळा पूर्ण झाली.
तिचं सिमकार्ड माझ्या नावावर,
तिची सायकल माझ्या नावावर,
नर्सिंगच्या फॉर्ममधला एक रकाना मात्र
माझ्या नावाने भरत नाही.
सुब्बासाहेब, तुम्ही शिकलेले आहात.
नाळेला टोकं दोनच ना?
एक तिच्याकडे होतं, एक माझ्याकडे.
तिसरं टोक कोणी पाहिलंय?

समितीतल्या बाई आल्या होत्या, बोलणं गोड.
म्हणाल्या, भावना पोचली, पण शब्द
फार विचारपूर्वक घातलाय.
हेच तर मला भिववतं.
चुकून पडलेला असता तर
खडू घेऊन कोणीही पुसला असता.

असो. गिऱ्हाईक खाडाखोडीचे पैसे देत नाही,
तेव्हा प्रत्येक प्रतीत, रेघेच्या शेजारी,
निळ्या पेनाने मी तो र लिहीत बसले.
एकशे चाळीस प्रती.
माझ्याच हाताने, माझ्याच मुलीविरुद्ध,
सुवाच्य.

शेवटच्या अकरांत मी ‘वा’ लिहिला.

आमा वा बाबु.
लिहायला र-पेक्षा जरासाच जड,
म्हटला की कोणी शाबासकी दिल्यासारखा.
त्या अकरा प्रती कुठे गेल्या, सगळ्या आठवत नाहीत.
दोन लौटनकाकांनी नेल्या, एक दूध डेअरीत,
एक त्या मास्तरांकडे, जे मोठ्याने वाचतात.
म्हणजे या जिल्ह्यात दोन-चार ओट्यांवर
आज वेगळाच देश वाचला जातोय,
आणि अजून कोणाचं छप्पर कोसळलेलं नाही.

हा गुन्हा असेल तर कलम तुम्ही शोधा,
मसुद्याची प्रत माझ्याकडे मिळेल.
फॉर्मवरच्या उरलेल्या दोन ओळींत
मी एवढंच लिहिलंय:
पान पाच, एक अक्षर बदला.
निरुताने वाचलं, माझी एक वेलांटी सुधारली,
आणि विचारलं, खाली सही कोणाची हवी,
एकीची चालेल?