चुन्याच्या दोन काड्या

आबनूस एकच होतं.
एकाच फांदीचे दोन तुकडे,
एक चार बोटांचा, एक सहा बोटांचा.
धाकट्या एनोसीला आखूड दिली, कारण तो धाकटा.
मेसाकला लांब. एवढाच हिशेब.
अलोताऊच्या धक्क्यावर बसून दोन्ही कोरल्या,
एकीच्या मुठीवर मासा, दुसरीवर नुसत्या लाटा,
कारण तोवर उजेड संपला होता.

मग वीस वर्षं
एकाच झाडाची सुपारी, एकाच वेलीचे तुरे,
एकाच भट्टीतला चुना. प्रवाळ जाळून
त्यांची आईच करायची.
फरक फक्त काडीच्या टोकाचा.
आखूड काडी ओठांच्या कोपऱ्यापर्यंत पोचायची,
लांब काडी चुना नेऊन ठेवायची
जिभेच्या मागच्या कडेला, दाढेच्या सावलीत,
जिथलं स्वतःचं स्वतःलाही दिसत नाही.

एनोसीचा डाग
त्याच्या पोरीने पाहिला, तो हसत असताना.
"बाबा, कोपऱ्यात खोबऱ्याचा कीस चिकटलाय."
पुसला, गेला नाही. दुसऱ्या दिवशी पुसला, गेला नाही.
तिसऱ्या दिवशी हाताला धरून
तीच त्याला दवाखान्यात घेऊन गेली.
सात वर्षांची, पायात चपला नाहीत.

मेसाकचं कुणाला दिसणार?
त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे.
गावभरच्या गोष्टी जिभेच्या टोकावर.
टोकावर सगळं असायचं. मागे काय चाललंय
ते नाही सांगितलं.
कान दुखतो म्हणाला.
कोमट खोबरेल घातलं मी त्याच्या कानात,
माझ्या हाताने, दोन महिने.
मग दाढी करताना मानेत गाठ लागली,
कोवळ्या सुपारीएवढी, न दुखणारी.

डॉक्टर गीमाने पाठकोऱ्या कागदावर
तोंड काढलं, आमच्या खाडीसारखं.
ओठ म्हणजे उघडा किनारा, तिथं काही लागलं
की येणारा-जाणारा बघतो.
आत, जिथं खाडी अरुंद होते,
तिथून मानेकडे ओढे निघतात, दोन्ही अंगांनी.
"जिभेला हाड नसतं," ती म्हणाली,
"अडवायला काही नाही. आणि ती कधी थांबतही नाही."
मग म्हणाली, "आजार तोच. जागा वेगळी."

मी विचारलं, काडी दोन बोटं आखूड असती तर?
तिने पेन्सिल ठेवली.
सुपारी, चुना, उशीर, सगळं मिळून असतं म्हणाली,
तुमच्या एकट्याच्या हातात कुठं होतं?
चांगल्या मनाने म्हणाली.
मी कोरणारा माणूस आहे.
दोन बोटं म्हणजे किती, मला ठाऊक आहे.

एनोसीच्या ओठाचा कोपरा कापून शिवला.
तोंड लहान झालं. घास मोठा जात नाही,
शीळ वाजत नाही, म्हणून कुत्रा ऐकत नाही.
कुरकुरतो. पाच वर्षं झाली, कुरकुरतोय.

मेसाक मोठ्या दवाखान्यातून परतला
अर्धी जीभ घेऊन, मानेवर कोयत्याएवढा टाका.
तरी गोष्ट सांगायला बसायचा. पोरं जमायची.
शब्द काही ओठांवर यायचे नाहीत,
पण पूर्वी जिथं हसायची
तिथंच पोरं हसायची.
कोनफळं काढायच्या दिवसांत गेला.

एनोसीने एकदा आखूड काडी परत मागितली.
चुलीत घातली, म्हणालो.
घातली खरी, पण त्या रात्री.

लांब ठेवली आहे.
रविवारी प्रार्थना झाली की उकळून घेतो,
पोरांना उन्हाकडे तोंड करून बसवतो,
बायकांना, आणि कबूल झाले तर पुरुषांनाही.
आ कर.
काडीच्या पाठीने जीभ सारतो,
डावीकडे, उजवीकडे, दाढेमागे.
माझे डोळे अधू झालेत. एनोसीची पोर बॅटरी धरते
आणि काय दिसतंय ते सांगते.
बहुतेकदा म्हणते, काही नाही आजोबा, नुसतं लाल आहे.
काल एकाच्या तोंडात
ती जरा जास्त वेळ बघत राहिली.