पाचशे सदतीस पॉइंट सहा

मुंजाजीकाका म्हणाले, इस्त्री तापंना गेलीय, बघ जरा.
आणि मग, आवाज खाली न घेता,
का हिचाच हात चालंना, कुणाला ठाऊक.
दिवाळीला दिवेलागणीपासून जेवणापर्यंत
चाळीस शर्ट निघायचे.
आता चोवीस.
कौसाबाई कॉलर उलटी करत होत्या.
त्यांनी मान वर केली नाही.

सेलूला स्टेशनकडे जाताना डाव्या हाताला हे पत्र्याचं दुकान.
मी जिंतूरच्या आयटीआयची, वायरमन ट्रेड,
सर्टिफिकेटवर माझ्या नावापुढेही वायरमनच.
क्लॅम्प मीटर नांदेडहून आणलेलं, जुनं,
जबड्याला रबरबँड लावून चालवते.

वायरीचं सुती कातडं बोटभर सोललं.
आतल्या तारा वेगळ्या केल्या, एकच जबड्यात धरली.
दोन्ही धरल्या तर मीटर शून्य दाखवतं,
जाणारं आणि येणारं एकमेकांना फेडून टाकतं
आणि वाटतं, इथे काही चाललेलंच नाही.

इस्त्रीच्या पाठीवरची पट्टी पदराने पुसून दिली कौसाबाईंनी.
दोनशे तीस व्होल्ट, हजार वॅट.
बोर्डात बघितलं: एकशे अडुसष्ट.
जबड्यात: तीन पॉइंट दोन अँपिअर.
लिहायला कागद नव्हता.
कपड्यांची एक चिठ्ठी मिळाली,
पुढे लिहिलेलं: खाकी २, पांढरे ३, स्टार्च कमी.
मागची बाजू माझी.

एकशे अडुसष्ट भागिले तीन पॉइंट दोन.
साडेबावन्न ओहम.
पट्टीवरून काढला, तरी बावन्न पॉइंट नऊ.
आतली तार होती तशीच आहे, काका.
इस्त्रीत काही खोट नाही.

मग गुणलं तेच दोन आकडे,
एकशे अडुसष्ट गुणिले तीन पॉइंट दोन.
पाचशे सदतीस पॉइंट सहा वॅट.

असं कसं, काका म्हणाले. दोनशे तीसचे एकशे अडुसष्ट,
म्हणजे जवळपास पाऊण.
पाऊण राहिलं तर शेक पण पाऊण पाहिजे का नाही?
मी म्हणाले, दाब पाऊण झाला की धाराही पाऊणच वाहते,
आणि ताकद म्हणजे दोघींचा गुणाकार.
त्यांनी डोळे मिटले.
चौथीपर्यंत शिकलेले,
पण पाऊणकी तोंडपाठ,
छडीखाली बसलेली.
पाऊणाची पाऊण, ते म्हणाले, नऊ आणे.
जरा थांबून: चाळीसाचे नऊ आणे...
साडेबावीस.

बाहेर अंधार पडला होता.
दुधनेच्या कालव्याकडे हरभऱ्याला पाणी सोडलेलं,
सगळ्या मोटारी एकदम ओढायला लागलेल्या,
दुकानातला बल्ब पिवळा पडून
आणखी थोडा पिवळा झाला.

साडेबावीस, काका पुन्हा म्हणाले,
आणि टेबलावरचा गठ्ठा मोजायला लागले,
जसा काही पहिल्यांदाच दिसतोय.
वरचा दीड शर्ट माझ्याही हिशोबात बसेना.
मी विचारलं.
कौसाबाई म्हणाल्या, बटन बंद केल्यावर बी ती गरमच असती की.
तेवढ्यात एक निघतो.
आन् दिस बुडायच्या आधी पाणी मारून
गुंडाळून ठेवते मी.
त्यात उरलेला.

पैसे घेतले नाहीत. माझी ओढणी इस्त्री करून दिली त्यांनी,
कडेला हलकेच, जिथे जर होती.
चिठ्ठी मात्र टाचणीने परत गेली
खाकीच्या गठ्ठ्यावर, उलटी.

दुसऱ्या दिवशी ठाण्यातून लखमाजी हवालदार आले,
चिठ्ठी नाचवत.
दोन खाकी, तीन पांढरे,
पाचशे सदतीस रुपये साठ पैसे?
लूट लावलीस का रे, मुंजाजी?

पैसे नाहीत ते, साहेब, काका म्हणाले.
मग काय आहे?
काकांनी खाकीची घडी एकदा हाताने दाबली.
हिच्या संध्याकाळचा भाव आहे, म्हणाले,
आणि तो बी कमीच धरलाय.