मालागाहून आल्यावर, पाणचक्कीवर

खैरुद्दीनभाईंनी हौदातल्या माशांना फुटाणे टाकत विचारलं,
"मग, काय काय बघितलं स्पेनमध्ये?"
म्हटलं, भाई, पाणी बघितलं.

ते हसले. पण मी एकतीस वर्षं व्हॉल्वमन,
पुंडलिकनगरपासून एन-सातपर्यंत,
रात्री साडेतीनला लोखंडी चावी खांद्यावर.
गल्लीतली कुत्रीसुद्धा माझ्यावर भुंकत नव्हती.
दुसरं काय बघणार?

तिकीट स्वप्नालीनं काढलेलं. मालागा, समुद्राकाठचं शहर.
किल्ला, चर्च, चित्रांची संग्रहालयं,
सगळं पोरीनं मोबाइलात वेळेसकट लावून ठेवलेलं,
आम्ही झोनचं टाइमटेबल लावायचो तसं.

किल्ल्यात शिरलो तर दगडात बोटभर चर,
चरातून पाणी, पायरीपायरीनं खाली,
इतकं सावकाश, की त्याला कुठं जायचंच नाही जणू.
मी उकिडवा बसलो. कान लावला.
अंगठा टेकवून उतार बघितला.
मागं रांग थांबली. पोर म्हणाली, बाबा, उठा ना.
पण भाई, तोच आवाज होता,
तुमच्या या भिंतीतल्या खापरी नळाचा.
तिकडंही तेव्हा कुणीतरी
रात्रीचं उठत असणार.

त्यांच्या मोठ्या चर्चला मनोरा एकच.
दुसरा अर्ध्यात राहिला, पैसे संपले म्हणे,
दोन-अडीचशे वर्षं झाली.
लोक तिला लाडानं 'थोटी' म्हणतात
आणि तिकीट काढून बघतात.
मला आपली समांतर जलवाहिनी आठवली.
तिला कुणी लाडानं काही म्हणत नाही.

रस्त्याकडेला संत्र्यांची झाडं, लदलेली, कुणी हात लावत नाही.
जालन्याची मोसंबी भाव करून घेणारा मी,
गुपचूप एक तोडलं.
कडू जहर.
पोर पोट धरधरून हसली,
पहिल्या वर्षी तिनंही तोडलं होतं.

किनाऱ्यावर जुन्या होडीत वाळू भरून विस्तव केलेला,
काठीला टोचलेले मासे त्यावर तिरपे.
दोन खाल्ले. काटे ताटाच्या कडेला ओळीनं लावले.
मग चप्पल हातात घेऊन पुढं गेलो,
समुद्र जिभेला लावून बघितला.
एवढं पाणी, आणि एका वॉर्डाला सोडता येणार नाही.

आणि नदी.
गावाच्या मधोमध पात्र, दोन्ही काठ बांधून काढलेले,
वर पुलामागून पूल,
आत पोरं फुटबॉल खेळत होती.
मी कठड्याला टेकून अर्धा तास उभा.
नाव विचारून घेतलं: ग्वादालमेदिना.

भाईंनी ते दोनदा म्हणून बघितलं,
सुपारीसारखं गालात फिरवलं.
"वादी. मदीना. अहो, हे तर अरबी!
शहराची नदी."
मग भिंतीपलीकडं खामकडं बघत बसले बराच वेळ.
नाकाला रुमाल लावला.
"शहराची ना? मग कोरडीच असणार," म्हणाले.

एक गोष्ट मात्र त्यांना सांगितली नाही.

पाचव्या रात्री साडेतीनला जाग आली, सवयीची.
न्हाणीतला दिवा लावला.
तिच्या घरी नळ चोवीस तास,
गरम वेगळं, गार वेगळं, तोटीला नुसतं बोट लावायचं.
आणि दाराआड, टॉवेलाखाली झाकून,
दोन निळ्या बादल्या, काठोकाठ.
चार वर्षं झाली पोरीला तिथं राहून.

टॉवेल होता तसा ठेवला.
झोपेचं सोंग घेऊन पडून राहिलो.
उजाडताना चाहूल लागली,
ती शिळं पाणी गॅलरीतल्या कुंड्यांना घालत होती,
आवाज होऊ नये म्हणून तांब्यानं, थोडं थोडं.
मग बारीक धारेखाली
बादली भरत राहिली किती तरी वेळ.
काठाशी आली तसा आवाज बदलला,
आणि मी अंथरुणात, पडल्या पडल्या,
मनगट फिरवून व्हॉल्व बंद केला.