मागचं डावं

मागचं डावं चाक
दर चौथ्या दिवशी खाली बसतं.
तेहतीसवर भरावं, अठरावर सापडावं.

सेलूत तीन दुकानं झाली.
पहिल्यानं खिळा शोधला, मिळाला नाही,
तरी चाळीस रुपये घेतले.
दुसरा म्हणाला, थंडी पडलीय, हवा आकसते.
मग उरलेली तीन चाकं
काय स्वेटर घालून फिरतात?
हे मी मनात म्हणालो.
तिसऱ्यानं नायट्रोजन भरला.
तोही गेला, वाट माहीत असल्यासारखा.

मी पेट्या दुरुस्त करतो.
शाळांच्या, भजनी मंडळांच्या,
जिंतूरच्या एका कव्वालाची.
भात्यातली हवा कुठून जाते
हे ओळखण्यात छत्तीस वर्षं गेली.
शिवणीला गाल लावून बघतो;
गालाची कातडी बोटांपेक्षा खरं सांगते.
चाकालाही लावला एका रात्री,
लाईट गेल्यावर, शेजारी झोपल्यावर.
काळ्या मातीचा वास आला, थोडा शेणाचा.
हवा नाही.

पाथरी रोडला मुजीबोद्दीनचं दुकान.
अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये पाणी,
परवाच्या टँकरचं, आता चहाच्या रंगाचं.
त्यानं आधी व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावली.
फुगा धरला नाही.
मग चाक काढून बुडवलं,
बोट बोट फिरवलं.
तीन बुडबुडे आले. आम्ही दोघं वाकलो.
खाचांत अडकलेली बाहेरचीच हवा ती.
चौथा आला नाही.

'मास्तर, चाक साफ हाय.'
'साफ असतं तर बसलं नसतं.'
'ते बी खरं.'

तेव्हा मी माझ्या धंद्यातलं सांगितलं:
नुसती ठेवली पेटी
की भाता शहाण्यासारखा हवा धरून बसतो.
जोर आला, की तेव्हाच
कोपऱ्यातली चामड्याची भेग तोंड उघडते.
तुमच्या ड्रममध्ये चाकावर जोर कुठंय?
गाडी नाही, मी नाही,
मागच्या सीटवरच्या दोन पेट्या नाहीत.

मुजीबोद्दीननं विडी विझवून कानामागं ठेवली.
चाक परत चढवलं. जॅक उतरवला.
साबणाचं पाणी रिमच्या कडेनं सोडलं
आणि वसीमला, हाताखालच्या पोराला,
डिकीवर उभं केलं.
'नाच.'
पोरगं लाजलं, मग नाचलं.

आतल्या अंगाला,
रबर आणि लोखंड जिथं भेटतात तिथं
मोहरीएवढा फेस फुगला. फुटला.
'अजून नाच.'
फुगला.
तो पोटावर, मी गुडघ्यांवर,
मोबाईलच्या उजेडात
आम्ही तो एवढासा फेस बघत राहिलो.
'हितं,' तो म्हणाला,
पाळण्याशेजारी बोलावं तितक्या हळू.

टायर उतरवला तर रिमला गंज,
दोन बोटं रुंद, खवल्याखवल्यांचा,
आणि खाली एक पोचा.
'कुठं आदळली व्हती?'
आठवलं. मानवतच्या अलीकडचा खड्डा, गेल्या उन्हाळ्यात.
उतरून आधी पेटी उघडून बघितली होती.
सगळे सूर जागेवर.
खुशीत घरी आलो होतो.
चाकाकडं बघितलंच नव्हतं.

ठोकून पोचा काढला,
पॉलिश पेपरनं गंज घासला,
कडेला काळा डिंक फासला.
अडीचशे झाले.
'दोनशेच द्या. पन्नास तुमच्या कानाचे.'
कानाचं काम नव्हतं ते,
पण मी दुरुस्ती केली नाही.

पाचव्या सकाळी मीटर लावलं.
एकतीस.
चहा न घेताच पाथरी रोडला गेलो.
'दोन कुठं गेले?'
तो शटर वर करत होता.
'दुपारच्याला भरली, पहाटे मोजली.
थंडी हाय मास्तर. धा रोजानं बगा.'

थंडी.

गाडीतच वही उघडली,
पेट्यांचं लिहून ठेवतो ती.
'काळी दोन, खर्जात किंचित उतरलेली.'
त्याच्याखाली लिहिलं:
मागचं डावं, एकतीस.
आणि दहा दिवसांनंतरची तारीख,
पुढं जागा सोडून.